भट्टींतला साक्षीदार

मनुष्यानें अग्नि प्रथम कसा मिळविला याविषयीं बहुतेक सर्व देशांच्या पुराणांत कांहीं ना कांहीं कथा आहे. परंतु मिळालेला अग्नि त्यानें बेतांत कसा ठेवला, म्हणजे हवा तेवढाच ताप हव्या तेवढ्याच वेळपर्यंत त्याजकडून कसा घेतला, ही कथा पुराणांनीं सांगितलेली नाहीं आणि इतिहासकारांनींही ती फारशी मनावर घेतलेली नाहीं. वास्तविक पाहतां अग्नि पेटविण्यापेक्षां तो आवरणें हेंच काम अधिक कठीण. राज्यें मिळविणाऱ्यांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों, राज्यें राखणाऱ्यांचीं वाचीत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार होय.

हल्लीं मध्यम वर्गाच्या पुष्कळ घरांतून विजेचा ओव्हन दिसूं लागला आहे. त्यांतही मागच्या भिंतीस पंखा बसविलेला, ज्यास कन्व्हेक्शन ओव्हन म्हणतात, तो विशेष. दर्शनी बाजूस आंकडे उजळतात. घरांतील कोणी १८० हा आंकडा ठरवितें, बटण दाबतें आणि निश्चिंत मनानें दुसऱ्या कामास लागतें. या निश्चिंतपणामागें चारशें वर्षांचा इतिहास उभा आहे, याची त्यास कल्पना नसते व असण्याचें कारणही नसतें. परंतु एके दिवशीं केक वरून करपतो व आंत कच्चा राहतो, किंवा आंकड्यांच्या जागीं एखादें अक्षर व त्यापुढें एखादा अंक असा गूढ संकेत लुकलुकूं लागतो, आणि मग घरांत पेंच उभा राहतो. कारागीर येतो, पाहतो न पाहतो तोंच ‘सर्किट बोर्ड गेला’ असा निकाल देतो, आणि त्या बोर्डाची किंमत ऐकून घरधनी नवा ओव्हन घेण्याच्या गोष्टी बोलूं लागतो. हा निकाल कित्येकदां खरा असतो, कित्येकदां नसतो. तो खरा कीं खोटा हें पारखण्याचें साधन घरच्या माणसांजवळ नसतें, ही यांतली खरी गोम आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, अशा यंत्रांतील दोष हुडकणें म्हणजे उष्णतेच्या नियमनाचा जो इतिहास घडला, त्याच वाटेनें उलट्या दिशेनें चालत जाणें होय. ज्यास ती वाट ठाऊक आहे तो स्वतः यंत्र दुरुस्त करूं शकेल असें नाहीं. परंतु तो फसण्याचा संभव मात्र पुष्कळ कमी.

प्रथम हाताचा काळ घ्यावा. तापमापक यंत्र स्वयंपाकघरांत येण्यापूर्वीं युरोपांतील आचारी भट्टीचा ताप कसा ओळखीत? एक तर आंत हात धरून तो किती वेळ सोसवतो हें पाहावयाचें. नाहीं तर मूठभर पीठ अथवा पांढऱ्या कागदाचा तुकडा आंत ठेवून तो किती वेळांत तांबूस होतो हें पाहावयाचें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी पाकपुस्तकांत भट्टीचे मंद, मध्यम व तेज असे भेद सांपडतात. अंशांचे आंकडे त्यांत क्वचितच. आमच्याकडेही तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ते कसे नाचतात यावरून तवा तापला कीं नाहीं हें ठरविणाऱ्या आजींना अंशांची गरज कधीं भासली नाहीं. दिवाळीच्या सुमारास नानकटाईचें सामान घेऊन बेकरीवर जाण्याची चाल ज्यांना आठवते, त्यांना तेथील भट्टीवाला आंत एकवार हात घालून ‘अजून थोडें थांबा’ असें सांगत असे, हेंही आठवत असेल. या पद्धतींत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. उष्णतेचें नियमन म्हटलें कीं त्यांत तीन अधिकारी आलेच: एक ताप जाणणारा, दुसरा काय करावें हें ठरविणारा आणि तिसरा तें करणारा. भट्टीवाल्याच्या ठिकाणीं हे तिन्ही अधिकार एकवटलेले असत. त्याचाच हात जाणी, त्याचीच बुद्धि ठरवी आणि त्याचाच हात लांकूड ओढून घेई. तेव्हां पाव करपला तर दोष कोणाचा हा प्रश्न उद्भवतच नसे. पुढील सर्व इतिहास म्हणजे हे तीन अधिकारी एकमेकांपासून वेगळे होत गेल्याचा इतिहास आहे.

या फुटीचा आरंभ सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत झाला, आणि तो करणारा गृहस्थ मोठा विलक्षण होता. कॉर्नेलिस ड्रेबेल हा हॉलंडांतील अल्कमार गांवीं १५७२ सालीं जन्मला, इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास राहिला आणि १६३३ सालीं लंडनांत वारला. थेम्स नदीच्या पाण्याखालून चालणारी नांव करून दाखविणारा म्हणून त्याचें नांव लोकांस ठाऊक आहे. परंतु आमच्या मतें त्याची खरी मोठी कामगिरी म्हणजे त्याची स्वयंनियामक भट्टी. किमयेच्या प्रयोगांत आणि कृत्रिम उपायांनीं अंडीं उबविण्यांत ताप दीर्घ काळ एकसारखा राहणें अवश्य असतें. रात्रंदिवस जागून तो राखणें माणसास साधत नाहीं. ड्रेबेलनें दुहेरी भिंतींची पेटी केली, भिंतींमधल्या पोकळींत पाणी भरलें आणि खालच्या विस्तवाचा धूर त्या पेटीभोंवतीं फिरून वरच्या भोंकांतून बाहेर जाईल अशी योजना केली. पाण्यांत त्यानें मद्यार्कानें भरलेलें कांचेचें पात्र बुडविलें. त्याच्या नळीच्या तोंडाशीं पारा होता. ताप वाढला कीं मद्यार्क फुगे, पारा वर ढकलला जाई, पाऱ्यावर टेकलेली दांडी उचले आणि ती धुराच्या भोंकावरचें झांकण लावी. ओढ कमी झाली कीं विस्तव मंदावे. विस्तव मंदावला कीं मद्यार्क आकसे, आणि झांकण पुन्हां उघडे. माणसाचा हात मध्यें न येतां अग्नीनेंच अग्नीस आवरावें, असा हा प्रकार. येथें जाणणारा मद्यार्क, करणारें झांकण, आणि ठरविणारी ती दांडी. तिघेही वेगळे, परंतु तिघेही उघड्या डोळ्यांस दिसणारे. दांडी अडकली तर ती अडकलेली दिसे. नळी फुटली तर पारा जमिनीवर सांडे. दोष शोधावयास डोळे पुरेसे होते.

यानंतर जाणण्याच्या कामांत मोजमाप शिरलें. फॅरनहाइटनें १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरंवशाचा तापमापक केला, सेल्सियसनें १७४२ सालीं शंभर भागांचें माप सुचविलें. परंतु पाऱ्याचा तापमापक मोठ्या भट्टीच्या तापापुढें टिकत नाहीं. तेथें इंग्लंडांतील प्रसिद्ध कुंभकलाविशारद जोसाया वेजवुड यानें एक नवी युक्ति काढली. चिकणमाती भाजली असतां आकसते, व जास्त तापांत जास्त आकसते. म्हणून ठराविक मापाचे मातीचे तुकडे भट्टींत ठेवावयाचे आणि बाहेर काढल्यावर ते निमुळत्या खांचेंत किती दूरवर सरकतात यावरून ताप ठरवावयाचा. हा शोध त्यानें १७८२ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला आणि पुढल्याच वर्षीं तो त्या संस्थेचा सभासद झाला. आपल्या एका भट्टीची दुसऱ्या भट्टीशीं तुलना करण्यास हें साधन उत्तम होतें. परंतु त्या आकसण्यावरून प्रत्यक्ष अंश सांगावयास जातां तें फारच मोठे आंकडे सांगे, असें पुढें इतरांच्या मोजणीवरून सिद्ध झालें. मातीचा तुकडा लबाड नव्हता. तो नेहमीं सारखेंच सांगे. परंतु सारखें सांगणें वेगळें आणि खरें सांगणें वेगळें. साक्षीदार गोंधळत नाहीं एवढ्यावरून त्याची साक्ष खरी मानूं नये, हा न्यायसभेंतील नियम भट्टीलाही लागू आहे. घरच्या ओव्हनचा विचार करतांना हा नियम पुन्हां उपयोगीं पडेल.

इकडे धातूंच्या प्रसरणाचा उपयोग करण्याकडे लोकांचें लक्ष लागलें. निरनिराळे धातु तापल्यावर कमीअधिक वाढतात. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जखडल्या तर तापानें ती जोडपट्टी वांकते. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हॅरिसन या घड्याळजीनें समुद्रावरील आपल्या घड्याळांत ही युक्ति योजिली. फ्रान्समध्यें बॉनमॅं नांवाच्या गृहस्थानें १७८३ सालीं दोन धातूंच्या असमान वाढीवर चालणारा नियामक करून तो अंडीं उबविण्याच्या कामीं लाविला. स्कॉटलंडांतील रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यानें १८३० सालीं अशाच पट्टीच्या नियामकाचें पेटंट घेतलें व त्यास ग्रीक शब्दांवरून ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें. तेंच नांव आज घरोघर झालें आहे. या पट्टींत एक मोठें वैशिष्ट्य आहे. तीच जाणते, तीच वांकते आणि वांकतांना तीच झडप लाविते. ड्रेबेलनें वेगळे केलेले तीन अधिकारी यूरच्या पट्टीनें पुन्हां एका देहांत आणले.

मात्र कोणताही नियामक ताप एका रेषेवर खिळवून ठेवूं शकत नाहीं. पट्टी वांकावयास ताप थोडा चढावा लागतो. परत सरळ व्हावयास तो थोडा उतरावा लागतो. म्हणून ठरविलेल्या आंकड्याच्या खालींवर झोके घेत तो चालतो. वॉटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास फिरत्या गोळ्यांचा जो वेगनियामक लाविला, त्याच्यासारख्या नियामकांतही अशीच आंदोलनें दिसत. तीं केव्हां शमतात आणि केव्हां वाढत जाऊन यंत्र बेफाम होतें, याचें गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६८ सालच्या आपल्या निबंधांत मांडलें. सारांश, झोका हा दोष नव्हे. झोक्याची मर्यादा सुटणें हा दोष.

स्वयंपाकघरांत हा नियामक खऱ्या अर्थानें आला तो विसाव्या शतकांत. इंग्लंडांत १९२३ सालीं ‘न्यू वर्ल्ड’ नांवाच्या गॅसच्या शेगडीस ‘रेग्युलो’ हा नियामक बसवून ती बाजारांत आली. त्यावर अंश नव्हते, नुसते क्रमांक होते. आणि लवकरच तिकडील पाकपुस्तकांत ‘मध्यम भट्टी’ या शब्दांच्या जागीं ‘रेग्युलो ४’ असें छापलें जाऊं लागलें. या लहानशा बदलाचा अर्थ आम्हांस मोठा वाटतो. ‘मध्यम भट्टी’ म्हणतांना आचाऱ्याच्या हातावर, म्हणजे त्याच्या जाणिवेवर, भिस्त होती. ‘चार’ म्हणतांना ती भिस्त यंत्रावर गेली. नवशिक्यास यामुळें फार मोठें साहाय्य झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पूर्वीं दहा वर्षांच्या अनुभवानें जें साधे तें एका दिवसांत साधूं लागलें. परंतु चार म्हणजे नक्की किती ताप, हें सांगणारा मनुष्य हळूहळू घरांतून नाहींसा झाला.

आतां पंख्याकडे वळूं. हवेच्या द्वारें उष्णता वाहून नेली जाते, या क्रियेस ‘कन्व्हेक्शन’ हें नांव विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८३४ सालीं दिलें. परंतु तिचा पाकक्रियेंत बुद्धिपुरःसर उपयोग करणारा काउंट रम्फर्ड त्याच्या अगोदरचा. त्याच्या भाजण्याच्या लोखंडी नळकांड्यांत खालून तापलेल्या हवेचा झोत सोडण्यासाठीं नळ्या बसविलेल्या असत. पंख्यानें हवा जोरानें फिरविणारा ओव्हन मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस निघाला. अमेरिकेंत विल्यम मॅक्सन यानें १९४५ सालीं विमानांतील लोकांसाठीं गोठविलेलें जेवण थोडक्या वेळांत गरम करण्याकरितां तो तयार केला, आणि त्यास वावटळीचें नांव दिलें. स्थिर हवेंत पदार्थाभोंवतीं गार हवेचें एक पांघरूण राहतें; वारा तें काढून टाकतो, म्हणून पदार्थ कमी तापांत व कमी वेळांत भाजतो. मात्र या वाऱ्याबरोबर बिघाडाची एक नवी जागाही यंत्रांत आली.

राहिला तो विजेचा साक्षीदार. तार तापली असतां तिची वीज वाहून नेण्याची शक्ति घटते, हें हंफ्री डेव्हीनें १८२१ सालीं दाखविलें होतें. त्याचा उपयोग ताप मोजण्याकडे करावा, आणि त्यासाठीं न गंजणाऱ्या प्लॅटिनमची तार घ्यावी, ही कल्पना विल्यम सीमेन्स यानें १८७१ सालीं मांडली. परंतु त्याचीं साधनें भट्टींत कांहीं वेळ राहिलीं कीं त्यांचा मूळ आंकडाच सरके; ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनें १८७४ सालीं तसा अभिप्राय दिला, आणि साक्षीदार कामांतून गेला असें सर्वांस वाटलें. त्यास पुन्हां उभें केलें ह्यू कॅलेंडर यानें. तार शुद्ध असेल, तिच्यावर ताण पडत नसेल आणि भट्टींतील वायु तिला दूषित करीत नसतील, तर तिची साक्ष अत्यंत विश्वसनीय असते, हें त्यानें १८८७ सालीं सिद्ध केलें. म्हणजे दोष प्लॅटिनमचा नव्हता. त्याला ज्या परिस्थितींत उभें केलें होतें तिचा होता. आजच्या पुष्कळ ओव्हनमध्यें मागच्या भिंतींतून पेन्सिलीएवढी जी धातूची कांडी आंत डोकावते, तिच्या पोटांत बहुधा अशीच प्लॅटिनमची साक्ष दडलेली असते.

१९४७ सालीं ट्रॅन्झिस्टर निघाला, १९७१ सालीं एका चकतीवर मावणारा मायक्रोप्रोसेसर विक्रीस आला, आणि त्यानंतरच्या दशकांत ठरविण्याचा अधिकार धातूच्या पट्टीकडून निघून सर्किट बोर्डाकडे गेला. यूरनें जोडलेले तीन अधिकारी पुन्हां फुटले, आणि या वेळीं असे फुटले कीं एकमेकांची गांठही पडेना. कांडी भट्टीच्या मागें. बोर्ड बंद डबींत. आणि करणारा, म्हणजे तापणारी विजेची कॉइल, पंख्याच्या भोंवतीं. कांडीकडून बोर्डाकडे दोन बारीक तारा जातात. बोर्डाचा हुकूम रिले बजावतो. दुबळ्या प्रवाहानें सबळ प्रवाहाची कळ दाबणारें हें साधन एकोणिसाव्या शतकांतल्या तारायंत्राच्या काळापासून चालत आलेलें आहे. दोष कोठेंही असो, घरच्या माणसास दिसतो तो दर्शनी आंकडा. आणि तो आंकडा भट्टीचा ताप नव्हे. कांडीनें सांगितलें, तारांनीं पोंचविलें व बोर्डानें मानलें, तें सर्व मिळून झालेलें ऐकीव वर्तमान होय.

ही गोष्ट एकदां पटली म्हणजे दोष शोधण्याची रीत आपोआप सुचते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास बखर हातीं आली कीं तो प्रथम ती दुसऱ्या स्वतंत्र आधाराशीं ताडून पाहतो. तसेंच येथें करावयाचें. ओव्हनच्या मधोमध एक स्वतंत्र तापमापक ठेवावा, १८० अंश ठरवून दार लावावें, अर्धा तास जाऊं द्यावा, आणि मग कांहीं वेळ सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आंकडा टिपून त्यांची सरासरी काढावी. एकाच वेळचा आंकडा पाहून निकाल देणें म्हणजे झोक्याच्या एका टोकास झोंपाळ्याची जागा समजणें होय. सरासरींत थोडासा, परंतु नेहमीं सारखाच फरक असेल, तर पुष्कळ ओव्हनमध्यें बटणांच्या साहाय्यानेंच तो भरून काढण्याची सोय असते; तिची कृति माहितीपुस्तकांत दिलेली असते. फरक मोठा अथवा अनियमित असेल तरच पुढें जावें.

पुढची पायरी साक्षीदाराची उलटतपासणी. येथून पुढें ओव्हन थंड असला पाहिजे व त्याची विजेची जोडणी सर्वस्वी तोडलेली असली पाहिजे. आणि ज्यास विजेच्या कामाची माहिती नाहीं त्यानें हें स्वतः न करतां आपल्यासमोर करून घ्यावें. कांडीच्या तारा सोडवून मल्टीमीटरनें तिचा विद्युत्-रोध मोजावा. ज्या प्लॅटिनम कांडीचा रोध शून्य अंशास १००० ओहम असतो, तिचा ३० अंशास सुमारें १११७, १८० अंशास सुमारें १६८५ व २५० अंशास सुमारें १९४० ओहम भरतो. सर्वच ओव्हनमध्यें हीच कांडी असते असें नाहीं. कांहींत तापाबरोबर रोध कमी होणारा वेगळा पदार्थ असतो. म्हणून कारखानदारानें दिलेले आंकडे पाहूनच तुलना करावी. रोध अनंत दिसला तर आंतील तार तुटली. शून्याजवळ दिसला तर ती कोठें तरी परस्पर चिकटली. दोन्ही प्रसंगीं बोर्डावर संकेत उमटतो. त्या संकेताचा अर्थ पुस्तकांत ‘सेन्सर नादुरुस्त’ असा दिलेला असला, तरी त्याचा खरा अर्थ एवढाच कीं, ‘मला आलेलें वर्तमान मला विश्वसनीय वाटत नाहीं.’ वर्तमान खोटें असेल; किंवा वाटेंत हरवलें असेल; किंवा ऐकणाऱ्याचे कानच गेले असतील. संकेत हा आरोप आहे, निकाल नव्हे.

सर्वांत फसवा दोष वाटेंतला. एक उदाहरण घेऊं. कांडीच्या तारेच्या जोडावर वाफेनें व तुपाच्या धुरानें गंज चढला आणि त्यामुळें वाटेंत ४० ओहमांचा जादा रोध निर्माण झाला. भट्टीचा खरा ताप १६९ अंश आहे. कांडी १६४४ ओहम असें खरेंच सांगत आहे. परंतु बोर्डास १६८४ ऐकूं येतात, आणि तो प्रामाणिकपणें समजतो कीं १८० अंश झाले. तो कॉइल बंद करतो. दर्शनी आंकडा बरोबर, कांडी निर्दोष, बोर्ड निर्दोष, कॉइल निर्दोष. आणि केक मात्र कच्चा! अशा वेळीं कोणी बोर्ड बदलला तर हजारों रुपये जाऊनही केक कच्चाच राहील. यावर उपाय एकच. रोध दोनदां मोजावा, एकदां कांडीजवळ आणि एकदां तारांच्या बोर्डाकडील टोंकाशीं. दोन्ही आंकडे जुळले तर वाट स्वच्छ. न जुळले तर चोर वाटेंतच आहे. कित्येक जोड थंडपणीं निर्दोष दिसतात आणि तापून धातु पसरला कीं सुटतात. म्हणून मोजतांना तार हलकेच हलवून पाहावी.

साक्षीदार व वाट निर्दोष ठरलीं म्हणजे करणाऱ्याकडे वळावें. २३० व्होल्टांवर २००० वॉट घेणाऱ्या कॉइलचा रोध सुमारें २६ ओहम भरतो. तो अनंत दिसला तर कॉइल तुटली हें उघड आहे. पंखा अडखळत असेल तर ताप एका कोपऱ्यांत साचतो, कांडी आपल्या जवळचाच ताप सांगते, आणि पदार्थ एका बाजूस करपतो. साक्षीदार जेथें उभा होता तेथलेंच सांगूं शकतो, ही त्याची मर्यादा येथें प्रत्ययास येते. ताप फारच साचला तर एक लहानशी द्विधातूची चकती टक् करून वांकते व वीज तोडते. ही चकती म्हणजे बॉनमॅं व यूर यांच्या नियामकांची थेट वंशज. ठरविण्याचा अधिकार तिच्याकडून गेला. परंतु सर्व इलेक्ट्रॉनिक शहाणपण फसलें तर घर वांचविण्याचें काम अद्याप पुष्कळ यंत्रांत त्या जुन्या जाणत्याकडेच ठेवलेलें आहे. याउलट, बटण बंद केल्यावरही ओव्हन तापतच राहिला तर रिलेचीं टोंकें वितळून चिकटलीं असण्याचा संभव फार. अशा वेळीं चिकित्सा करीत न बसतां वीज तोडावी व दुरुस्ती होईपर्यंत तो वापरूं नये.

एवढें सर्व झाल्यावर जो उरतो तो बोर्ड. बोर्ड बिघडत नाहीं असें नाहीं. किंबहुना त्याच्या बिघाडास ठळक कारणें आहेत. रासायनिक क्रिया उष्णतेनें जलद होतात, याचें सूत्र स्वीडनच्या अऱ्हेनियसनें १८८९ सालीं मांडलें. बोर्डावरील कांहीं कपॅसिटरांत जो द्रव असतो तो याच नियमानें आटत जातो. दर दहा अंश वाढीस त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. रोजच्या तापण्यानिवण्यानें डाखाच्या टांक्यांस बारीक चिरा पडतात. उष्णता आवरण्यासाठीं नेमलेला कारभारी उष्णतेच्याच हातून मरतो, असें हें आहे. परंतु असा फुगलेला कपॅसिटर किंवा चिरलेला डाख चार रुपयांच्या वस्तूनें दुरुस्त होण्यासारखा असतांही सबंध बोर्ड, आणि बोर्डासाठीं सबंध ओव्हन, टाकून देण्याची रीत पडत चालली आहे. तिचें मूळ केवळ व्यापाऱ्याच्या लोभांत नाहीं. ‘आंतलें आपल्यास कळावयाचें नाहीं’ ही जी समजूत आपण मुकाट्यानें पत्करली, तींतही तिचें मूळ आहे.

या समजुतीविरुद्ध जगांत हालचाल सुरू झाली आहे. युरोपीय संघानें २०२४ सालीं कांहीं ठराविक प्रकारच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा ग्राहकाचा हक्क कायद्यानें मान्य केला. आपल्या सरकारनेंही २०२२ सालीं या प्रश्नासाठीं समिति नेमली, व घरगुती टिकाऊ वस्तु तिच्या विचारांत घेतल्या. सुटे भाग मिळावेत, आंकडे व नकाशे उघड करावेत, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु जाणण्याची हौसच उरली नाहीं तर नुसत्या हक्काचा उपयोग होणार नाहीं. पुस्तकसंग्रह खुला केला तरी वाचणारा हवाच.

कोणी म्हणेल कीं एका ओव्हनसाठीं एवढा खटाटोप कशाला. नवा आणला कीं झालें. ज्यांस परवडतें त्यांस आम्ही अडवीत नाहीं. परंतु ड्रेबेलपासून आजवर जीं जीं साधनें निघालीं, त्यांतील प्रत्येकानें आपले श्रम हलके करतांना आपल्या हातांतील थोडी जाणीव उचलून नेली. हा व्यवहार तोट्याचा नव्हता. कोणीही शहाणा मनुष्य पुन्हां भट्टींत हात घालून ताप पाहणार नाहीं. मात्र जी जाणीव यंत्राच्या स्वाधीन केली ती कोठें ठेवली आहे एवढें तरी ठाऊक असावें. ज्यास हें ठाऊक आहे तो कारागिरास चार नेमके प्रश्न विचारूं शकतो: स्वतंत्र तापमापक काय सांगतो? कांडीचा रोध किती भरला? बोर्डाच्या टोंकाशीं किती भरला? रिलेचा आवाज येतो कीं नाहीं? चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं, उलट खूष होतो. आणि उत्तरें टाळणारा ओळखूं येतो. घरांत ओव्हन असेल तर एक साधा तापमापक आणि माहितीपुस्तकांतून उतरून घेतलेले कांडीचे आंकडे हीं दोन्ही त्याच्याजवळच्या खणांत ठेवावींत. खर्च थोडा, आणि बिघाड झाल्या दिवशीं निकाल देण्यापूर्वीं साक्ष तपासण्याची सोय त्यानें होते.